९०च्या पुढे गाडी थरथरते: आधी फेऱ्या मोजा, मग पाना उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या चाकांवर चालणारी सात आसनी डिझेल गाडी, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग). समृद्धी महामार्गावर ८५ ते १०५च्या दरम्यान पायाखालचा पत्रा आणि गिअरचा दांडा झणझणतो, ११०च्या आसपास कमी होतो. स्टिअरिंग मात्र शांत. चार वेळा व्हील बॅलन्सिंग झालं, एकदा अलाइनमेंट झालं, दोन नवे टायर टाकले, फरक शून्य. आता गॅरेजमधून इंजिन फाउंडेशनचा (इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरांचा) पूर्ण सेट बदलायला सांगताहेत, तर बदलावा का? आणि शेवटी एक ओळ: सहा महिन्यांपूर्वी क्लच बदलला, त्याच सुमारास मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला.

फाउंडेशन बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमची ती शेवटची ओळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा गाडीत क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या एक्सलला नेणारा लांब दांडा, सोडावा लागतो. म्हणजे शाफ्ट खाली आला आणि परत चढला. पाटा वाढवल्यामुळे मागची उंची बदलली, म्हणजे शाफ्टचा कोनही बदलला. माझा संशय या दोन ठिकाणी आहे. पण नुसत्या संशयावर पार्ट बदलत गेलं की काय होतं ते तुम्ही चार बॅलन्सिंगमध्ये अनुभवलंच आहे. म्हणून आधी कंप नेमका कोणाचा हे ठरवू.

कंप कुठे जाणवतो याला लोक फार महत्त्व देतात. स्टिअरिंगला जाणवला तर पुढची चाकं, सीटला जाणवला तर मागची, हा ठोकताळा बऱ्याचदा बरोबर निघतो, पण पत्रा, सीट आणि सायलेन्सर आपापल्या मर्जीने हलतात आणि फसवतात. न फसवणारी गोष्ट एकच: कंप सेकंदाला किती वेळा होतो. गाडीत तीन गोष्टी तीन वेगळ्या गतींनी फिरतात, इंजिन, शाफ्ट आणि चाकं. कंपाचा आकडा यांपैकी ज्याच्याशी जुळतो, दोष त्याच्याकडे असतो.

हिशोब सोपा आहे. २०५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ साधारण २ मीटर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साडेबारा फेऱ्या. मागच्या क्राऊन-पिनियनचं (शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीचं) गुणोत्तर ४.१ असेल तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ५१ फेऱ्या घेतो, मिनिटाला तीन हजारांवर. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.७८ धरलं तर इंजिन मिनिटाला २४००, म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, टायरच्या बाजूचं माप आणि मॅन्युअल बघून बदलून घ्या. मॅन्युअल नसेल तर पुढच्या चाकांना ओट लावून, हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रलला ठेवून मागचं एकच चाक उचला आणि जॅकवर विसंबून न राहता एक्सलखाली घोडी लावा. ते चाक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांना क्राऊनची एकच फेरी होते, म्हणून शाफ्टच्या जेवढ्या फेऱ्या मोजाल तेवढंच गुणोत्तर.

आता हे आकडे अंगाला कसे जाणवतात ते बघा. सेकंदाला बारा-तेरा हा कंप मोजता येईल असा वाटतो, गाडी हलते, पाण्याची बाटली थरथरते, गालाची कातडी हलते. पन्नासच्या घरातला कंप मोजता येत नाही. तो झिणझिण्या आल्यासारखा तळपायाला लागतो आणि सोबत हलकी घरघर ऐकू येते. शंभरच्या घरातला तर बहुतेक आवाजच असतो, बंद काचांच्या आत कान दडपल्यासारखा घुमणारा. तुम्ही ‘झणझणतो’ असं लिहिलंय, ‘हलतो’ नव्हे. आणि गिअरचा दांडाही सोबत आहे. चार बॅलन्सिंगनी फरक का पडला नाही याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

कानावर आणि तळव्यावर भरवसा नसेल तर फोन वापरा. कंपनाचा आलेख काढणारी ॲप फुकट मिळतात. फोन सीटच्या रुळावर किंवा फरशीवर घट्ट धरायचा, आणि तो शेजारी बसलेल्याने धरायचा, गाडी चालवणाऱ्याने नाही. वेग जीपीएसचा घ्या, कारण गाडीचा काटा सहसा थोडा जास्त दाखवतो. फोनमधला हालचाल मोजणारा सेन्सर शंभरपर्यंतचे कंप नीट पकडेलच असं नाही, त्यासाठी माइकवर चालणारं आवाजाचं ॲप बरं. ताशी ९०ला टोक १२-१३वर आलं तर चाक. ५०च्या जवळ आलं तर शाफ्टचं असंतुलन किंवा वाकलेला शाफ्ट. १००च्या जवळ आलं तर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा अधिक-चिन्हासारखा सांधा) किंवा त्याचा कोन. ४० किंवा ८०वर आलं तर इंजिनाकडे बघायचं.

ॲपशिवायही तीन चाचण्या होतात, आणि माझ्या मते त्या आधीच व्हायला हव्या होत्या.

पहिली, गाडी उभी असताना. न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू वाढवत २४००पर्यंत न्या. तोच झणझणाट उभ्या गाडीत आला तर दोष इंजिन, क्लचची प्रेशर प्लेट किंवा फाउंडेशन यांच्यात आहे. मग गॅरेजचं म्हणणं खरं आणि माझा संशय चुकीचा. नाही आला तर फाउंडेशनचा सेट दुकानातच राहू द्या.

दुसरी, एकाच वेगाला दोन गिअर. ताशी ९०ला आधी पाचव्यात, मग चौथ्यात चालवा. इंजिनाच्या फेऱ्या बऱ्याच बदलतील, शाफ्टच्या आणि चाकांच्या अजिबात बदलणार नाहीत. कंप जागचा हलला नाही तर इंजिन सुटलं.

तिसरी, मोकळ्या सपाट रस्त्यावर त्याच वेगाला ॲक्सिलरेटर सोडा, आणि मागे कोणी नसेल तर क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही, घाटात किंवा उतारावर हे करायचं नाही. कंप तसाच राहिला तर असंतुलन, कारण वजन एका बाजूला जास्त असेल तर त्याला जोर लावलाय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. जोर लावल्यावर वाढला आणि सोडल्यावर घटला तर क्रॉसचे कोन, झिजलेला जॉइंट किंवा पिनियनचं बेअरिंग.

चाचण्या शक्यतो डांबरी रस्त्यावर घ्या. सिमेंट-काँक्रीटवर आडवे चरे आणि सांधे असतात, त्यांचा स्वतःचा एक ठेका गाडीत येतो आणि तो दोष समजून माणसं गॅरेजला येतात. जून २०२५ मध्ये समृद्धीचा ७०१ किलोमीटरचा पूर्ण पट्टा खुला झाल्यापासून अशा तक्रारी मी जास्त ऐकतो. पण त्यातल्या अनेक खऱ्याही असतात. एकाच वेगाने तासभर गाडी चालवायची सवय आपल्याकडे नवी आहे, आणि ६०-७०च्या राज्य मार्गावर लपून राहिलेला दोष तिथे उघडा पडतो.

कंप ८५ला सुरू होऊन ११०ला कमी होतो याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. वॉशिंग मशीन कपडे पिळताना एका ठरावीक वेगाला थडथडतं आणि वेग वाढला की शांत होतं, तसंच हे आहे. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागचं होजिंग (मागच्या एक्सलचं घर) यांचा मिळून एक नैसर्गिक ठेका असतो. शाफ्टच्या फेऱ्या त्याच्याशी जुळल्या की छोटासा दोषही मोठा होतो. त्या वेगाच्या पुढे कंप कमी झाला म्हणजे दोष गेला असं नाही. म्हणून ‘११०ने चालवा, लागत नाही’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

चाकांबद्दल थोडक्यात. अलाइनमेंटने टायर झिजणं आणि गाडी ओढणं थांबतं, कंप थांबत नाही. बॅलन्सिंगच्या मशीनवर वजन बरोबर येतं, पण चाक गोल आहे की नाही ते साधं मशीन सांगत नाही. खड्ड्यात आतल्या बाजूने दबलेली रिम शून्य ग्रॅम दाखवते आणि रस्त्यावर उड्या मारते. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मशीनवर नीट बसलेलं चाक गाडीवर किंचित सरकून बसतं. त्याला हबची रिंग लागते. पावसाळ्यात कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतून लाल माती चिकटून वाळलेली असते, ती न काढता कितीही वेळा बॅलन्स केलं तरी दोन दिवसांत माती पडते आणि पुन्हा तेच. तुमच्या बाबतीत पुढची-मागची चाकं एकदा अदलाबदल करून बघा. कंपात काहीच बदल झाला नाही तर चाकांचा विषय संपवा.

आता शाफ्ट. क्रॉस जॉइंट कोनात चालतो तेव्हा एक गोष्ट घडते जी बघून समजत नाही. गिअरबॉक्स एकसारखा फिरत असला तरी क्रॉसच्या पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. म्हणून क्रॉसच्या दोषाचा आकडा शाफ्टच्या फेऱ्यांच्या दुप्पट येतो, वरच्या हिशोबातला तो शंभर. मागचा क्रॉस हीच चूक उलट दिशेने करतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. पण यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे यॉक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे तुकडे) एका रेषेत हवेत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत.

क्लचच्या कामात पहिली अट मोडते. शाफ्टमध्ये सरकणारा स्प्लाइन जॉइंट (दात्यांनी एकमेकांत बसणारे दोन भाग) असेल आणि काम करताना दोन भाग वेगळे निघाले, तर परत घालताना खुणा जुळवाव्याच लागतात. १६ दात्यांच्या स्प्लाइनवर एक दाता चुकला तरी यॉक साडेबावीस अंशांनी फिरतात, मग दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पूर्ण खोडत नाही. भाग वेगळे निघाले नसतील, नुसता फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची तबकडी) अर्धा फेरा फिरवून बसवला असेल, तर यॉक रेषेत राहतात, पण कारखान्यातून शाफ्ट आणि फ्लँज यांचा जुळवलेला तोल बिघडू शकतो. तुम्ही गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहून बघा: दोन्ही टोकांचे यॉकचे कान एका सपाटीत आहेत का? स्प्लाइनवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर आहेत का? यात पार्टचा खर्च शून्य आहे. चुकलेलं असेल तर सोडून, खुणा जुळवून परत लावा. बरोबर असेल तर आताच्या जागेवर पंचने खूण करून मागचा फ्लँज अर्धा फेरा फिरवून बघा. फरक पडला नाही तर परत मूळ जागी. आणि शाफ्टचा कुठलाही नट सोडण्याआधी खूण करायची, ही सवय प्रत्येक गॅरेजमध्ये हवी, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

तिथेच उभे असताना शाफ्टवरून हात फिरवा. कुठे पोचा आलाय का? तोल साधायला स्पॉट वेल्डने चिकटवलेली छोटी पट्टी पडून तिथे दोन ठिपक्यांची मोकळी जागा राहिलीय का? पावसाळ्याआधी अंडरकोटिंग मारून घेतलं असेल तर फवारा शाफ्टवरही बसतो, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. तेवढं वजन पुरतं. ते रॉकेलने पुसून काढा, खरवडू नका. मधल्या भागाला डायल गेज लावून शाफ्ट फिरवला तर वाक कळतो. बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा १ मिलीमीटरच्या आत असते.

क्रॉस तपासताना फक्त खुळखुळा आहे का एवढंच बघतात, ते अपुरं आहे. शाफ्ट उतरवून क्रॉस दोन्ही दिशांना हाताने झुलवा. मधोमध किंचित अडकून पुढे जातो असं वाटलं तर आतल्या सुयांनी (बेअरिंगच्या बारीक रोलरनी) घरात खाचा पाडल्यात. खुळखुळा नसला तरी तो बाद. नवा बसवताना कप हातोड्याने ठोकून घालण्यापेक्षा प्रेसवर किंवा वाइसमध्ये दाबून घाला, कारण ठोकण्यात यॉकचे कान वाकतात. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या सर्क्लिप हव्यात, नाहीतर क्रॉस मध्यावर बसत नाही आणि नव्या पार्टसोबत नवा कंप येतो. सैल बसतो म्हणून कपाला वेल्डिंगचे टाके मारणारे कारागीर भेटले तर तिथून गाडी काढून घ्या.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंग आणि त्याचं रबर बघा. रबर फाटलं की त्रास बहुधा गाडी उचलताना, २०-४०च्या वेगाला जास्त जाणवतो, पण हायवेलाही तो भर घालतो. त्याच्या ब्रॅकेटखाली वॉशर किंवा पॅकिंग असतं ते फेकू नका. ते कोनासाठीच असतं.

दुसरी अट कोनांची, आणि वाढवलेला पाटा इथे येतो. समजा आधी गिअरबॉक्सचा उतार ३ अंश, शाफ्टचा साडेपाच आणि पिनियनही गिअरबॉक्सला समांतर, म्हणजे ३. तर दोन्ही क्रॉसचे कोन अडीच-अडीच, छान. मागची गाडी उचलली आणि शाफ्टचा उतार ७ झाला, तर दोन्ही कोन चार-चार. सारखेच आहेत, मग चुका खोडल्या जातील ना? टोकांच्या खोडल्या जातात, पण मधला शाफ्ट स्वतः तर पुढे-मागे धावतच राहतो, आणि हे धावणं कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अडीचवरून चार म्हणजे अडीच पटींहून थोडं जास्त. हायवेच्या फेऱ्यांना क्रॉसचा कोन ३ अंशांच्या आत आणि पुढच्या-मागच्या कोनातला फरक १ अंशाच्या आत ठेवावा. अगदी शून्यही नको, सुया जागच्या जागी राहून घराला खाचा पडतात. अर्धा-एक अंश तरी असू द्यावा. पाटे बदलताना होजिंग किंचित फिरून बसलं असेल तर पिनियनचा कोनही वेगळा झालेला असतो, आणि पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले असतील तर जोर लावल्यावर पिनियनचं नाक आणखी वर उचललं जातं. ॲक्सिलरेटरनुसार कंप बदलण्याचं हे एक मोठं कारण.

दोन्ही अटी पाळल्या आहेत, क्रॉस चांगले आहेत आणि तरी टोक ५०वरच येतंय, तर शाफ्टचा तोल गेलाय. लेथवाल्याकडून नव्हे, शाफ्ट बॅलन्सिंगचं मशीन असलेल्या ठिकाणाहून तो करून घ्या. ट्रक-बसची कामं जिथे चालतात तिथे असं मशीन सापडतं. मशीन जवळ नसेल तर जुनी पद्धत आहे. शाफ्टच्या मागच्या टोकाजवळ घेरावर चार खुणा करायच्या, होज क्लिपचा स्क्रू एका खुणेवर आणून घट्ट करायचा, तोच रस्ता त्याच वेगाने चालवून बघायचा, मग पुढची खूण. जिथे कंप सगळ्यात कमी तिथे दुसरी क्लिप घालून दोन्ही स्क्रू थोडे थोडे लांब करत बघायचं. वेळ जातो, पण चालतं. चाकं हवेत उचलून, इंजिन सुरू करून, खाली वाकून शाफ्टकडे बघण्याचा प्रकार घरी मुळीच करू नका. त्यात जीव गेलेले आहेत.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवाल्यांसाठी एवढंच: तुमच्याकडे हा लांब शाफ्ट नाही, ड्राइव्ह शाफ्ट चाकाच्याच गतीने फिरतात. पिकअप घेताना थरथर आणि पाय काढताच शांत, असं असेल तर आतला जॉइंट बघा, बाहेरचा नव्हे. बाहेरचा वळताना कटकट करतो.

एक गोष्ट थांबण्यासारखी आहे. कंप आठवड्याभरात झपाट्याने वाढला, पहिला गिअर टाकून सोडताना खालून ‘टक’ असा आवाज येऊ लागला, किंवा टायरला कुठे फुगवटा दिसला, तर गाडी हायवेला नेऊ नका. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यावर पडतं, आणि ९०च्या वेगाला ते रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: उभ्या गाडीची चाचणी, दोन गिअरची चाचणी, मग रॅम्पवर खुणा आणि यॉक. ते बरोबर निघालं तर कोन मोजा. गाडी चारही चाकांवर, सपाट जागी, नेहमीइतकं वजन ठेवून. चुंबकाचा डिजिटल कोनमापक मिळतो, नसेल तर फोनमधलं लेव्हल चालेल. गिअरबॉक्सचा फ्लँज, शाफ्टची नळी आणि पिनियनचा फ्लँज असे तीन आकडे आणि कोणता उतार कोणत्या दिशेला आहे ते कळवा. त्यावरून पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये घालायची पाचर किती अंशाची लागेल ते सांगता येईल. कोन ३च्या वर असतील तर मात्र पाचरेने फक्त मागचा कोन बदलेल, पुढचा तसाच राहील. अशा वेळी वाढवलेला पाटा काढणं हाच स्वस्त आणि पक्का उपाय.